आंब्याचा अदमास

रत्नागिरीच्या मुलखात जन्मून आंब्याच्या झाडाखाली मान वर न करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा नवरा होता. मोहोराच्या दिवसांत सगळं गाव वर बघत चालतं. आमचे हे तेवढे वाटेवरचे दगड बघत चालायचे. लोकांना वाटे, मानेत काही दुखणं असेल. एका शेजारणीने तर निर्गुडीच्या पाल्याने शेकायला सांगितलं होतं. मी बरं म्हटलं. दुखणं होतंच, फक्त ते मानेत नव्हतं.

ते दुखणं ज्या हंगामात लागलं, त्याची ही हकिकत. सन तीसच्या आगेमागेची. आम्ही तेव्हा रत्नागिरीत बंदरावर जाणाऱ्या रस्त्याला दोन खोल्यांत राहत होतो. हे कचेरीत कारकून. अक्षर मोत्यासारखं, बोलणं गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. स्थळ बघताना माझ्या वडिलांनी मुलाला तंबाखूचंदेखील व्यसन नाही याची चार ठिकाणी चौकशी केली होती. पत्त्यांचं विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. बंदराजवळ दोरखंड आणि कंदील विकणारं एक दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत तीन पत्त्यांचा डाव बसे. कचेरी सुटली की ह्यांचे पाय तिकडे वळत. त्या खोलीत आमचं काय काय गेलं त्याचा पाढा मी वाचणार नाही. ज्यांच्या घरात हा रोग होऊन गेला त्यांना सांगावं लागत नाही, आणि इतरांना सांगून पटत नाही. शेवटी नोकरीही गेली, एवढं पुरे.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. नवरात्राच्या आधी तिला बांगड्या घ्यायला म्हणून हे बाजारात घेऊन गेले. मीच पाठवलं. पोर बरोबर असली म्हणजे पाय वाकडे पडणार नाहीत, ही माझी अक्कल. वाटेत कुणीतरी हाक मारली आणि एकच डाव म्हणून हे बसले, दाराकडे पाठ करून. पोर उंबऱ्यावर बसली. ती उठली कधी आणि गेली कधी, ह्यांना कळलंच नाही.

दिवेलागणीला मासळी विकणारी एक अनोळखी बाई तिला कडेवर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. पोर तिला भाट्याच्या खाडीच्या काठाला चिखलात बसलेली सापडली होती. भरती लागली होती आणि परकर पाण्यात भिजला होता. कुणाची म्हणून विचारलं तर पोर एवढंच सांगे, की बाबा खेळतायत, त्यांना हाक मारायची नाही. ती बिचारी दारोदार विचारत आमच्यापर्यंत आली होती. मी पोरीला पोटाशी धरून नुसती उभी होते. जाताना ती म्हणाली, "बाय, पोरीला नको, बापाला बांधून ठेव."

हे त्यानंतर आले. त्या दिवशी हे जिंकले होते. हातात बांगड्यांची पुडी आणि तोंडभर हसू. पोर कंटाळून घरी गेली असेल असं ते धरून चालले होते. मी चुलीपुढे वाळत टाकलेल्या परकराकडे बोट दाखवलं आणि ती कुठे सापडली ते सांगितलं. ते जमिनीवर बसले ते उठेचनात. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि मीही त्यांना वाढलं नाही.

गोष्ट माझ्या माहेरी, सावर्ड्याला, कळायला वेळ लागला नाही. माझा थोरला भाऊ आला. त्याचं तिथे बाजारात भुसाराचं दुकान, घरची शेती, चार मुलं. दादा ओरडणारा माणूस नव्हे. ओरडला असता तर मला उलट बोलता आलं असतं. त्याने पोरीचे कपडे स्वतःच्या हाताने गाठोड्यात बांधले आणि ह्यांच्याकडे न बघता मला सांगितलं, की आंब्याचा हंगाम संपेपर्यंत ती माझ्याकडे राहील. तोवर ह्यांनी पत्त्यांना हात लावायचा नाही, आणि मिळेल ते काम धरायचं नि सोडायचं नाही. तसं झालं तर पावसाच्या आधी मी स्वतः तिला आणून सोडीन. नाही झालं तर ती माझी पाचवी.

मी कबूल केलं. न करून सांगते कुणाला? सावर्ड्याकडची मोटार तेव्हा नव्यानेच सुरू झाली होती, त्यामुळे पोर खुशीत होती. खिडकीतून ती मला दोन्ही हातांतल्या नव्या बांगड्या दाखवत होती.

कामाची सोय भावोजींनी केली. भावोजी म्हणजे ह्यांचे थोरले चुलतभाऊ. आरे गावाच्या वरच्या अंगाला, कातळावर, त्यांची मोठी कलमांची बाग होती. राखणीसाठी बांधलेलं एक लहानसं घर होतं, ते आम्हाला राहायला दिलं. बाजार लांब, बंदर लांब, मध्ये खाडी. इथे माशी शिंकायला वाव नाही, असं भावोजी म्हणाले. शिवाय घराजवळची दोन कलमं त्यांनी आमची म्हणून सोडली. त्यांचा आंबा विकून पावसाळ्याची बेगमी करायची आणि पोर येईल तेव्हा तिला परकर-पोलकं शिवायचं, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

व्यसन सुटलं की त्याचं ओझं आधी हातांवर येतं, हे मला तिथे कळलं. तोंड नको म्हणतं, डोळे रडतात, पण हातांना कोण समजावणार? मी ह्यांना पत्रावळी लावायला पानं दिली. थोड्या वेळाने बघते तर पानांची चवड करून, कडा सारख्या करून, अर्धी चवड उचलून खाली घालताहेत. पुन्हा सारखी, पुन्हा खाली. नजर भलतीकडेच. मी पानं काढून घेतली आणि नारळाची सोडणं भिजत घालून त्यांना सुंभ वळायला बसवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि तेच काम मी त्यांच्या हाती देत होते. मला हसू आलं. हसायचे दिवस नव्हते, पण स्वभावाला औषध नाही.

सुंभाची पुष्कळ वेटोळी साठली तेव्हा ती विकायची कुठे हा प्रश्न आला. दोरखंड घेणारं दुकान रत्नागिरीत एकच, आणि ते कुठलं हे मी वर सांगितलंच आहे. मी एकटी जाते म्हटलं. हे म्हणाले, नको, एवढं ओझं तू खाडीपार कशी नेशील. दोघं गेलो. दुकानासमोर आल्यावर त्यांनी भारा खाली ठेवला आणि मला आत जायला सांगितलं. दुकानदार लबाड. सुंभ हातात फिरवत मला म्हणाला, साहेब बाहेरच का, पाहुण्यासारखे. मी म्हटलं, पाहुणे होते तेव्हा आत येत होते, आता माणसात आलेत. भाव त्याने पाडूनच दिला. बाहेर येऊन बघते तर हे रस्त्यापलीकडे तारेचा खांब दोन्ही हातांनी धरून उभे, कपाळ खांबाला टेकलेलं. मी हाक मारली तरी हात सुटेनात. मला एकेक बोट सोडवावं लागलं. येणारेजाणारे बघत होते. त्या दिवशी मला ह्यांचा अभिमान वाटला आणि लाजही वाटली, दोन्ही बरोबरच.

दाराकडे पाठ करून मात्र ते पुन्हा कधी बसले नाहीत. जेवतानासुद्धा पाट ओढून दाराकडे तोंड करत. संध्याकाळ सगळ्यात वाईट. अंधारून आलं की म्हणायचे, आत्ता तिथे कंदील लावला असेल. मी म्हणायची, तिथे लावला असेल तर आपल्याकडेही तेल आहे, उठा नि लावा. ते उठून लावत. काच मात्र पुसतच राहत.

आणि पश्चात्ताप. त्याचा मला पुढे पुढे वीट आला, खोटं का बोलू. रोज एकच: मी पोरीला विसरलो, मी पोरीला विसरलो. सुरुवातीला मीही त्यांच्याबरोबर रडले. मग लक्षात आलं, रडून झालं की हे मोकळे होऊन झोपतात आणि जागी राहते ती मी. एकदा मी म्हटलंच, अहो, विसरलात ते मला पाठ झालंय, आता विहिरीवरून दोन घागरी पाणी आणा. त्यांनी आणलं. घागर ठेवताना म्हणाले, "तुला राग येतो तेच बरं. तू रडलीस की मला वाटतं, फिटलं." मी घागरीवर झाकण ठेवलं.

पौषात कलमं मोहरली. आमच्याकडे आंबा झाडावर असतानाच त्याचा सौदा होतो. फळ सुपारीएवढं झालं की बागवाला आणि व्यापारी झाडाझाडाखाली उभे राहतात, वर बघतात, आणि या झाडाला किती आंबा उतरेल ते बोलतात. त्याला अदमास म्हणायचं. पुढे वारा आहे, मळभ आहे, तुडतुडा आहे, माकडं आहेत. ते सगळं मनात धरून आकडा बोलायचा आणि दिला शब्द पाळायचा. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, भटजीसुद्धा करतात.

भावोजी एक दिवस ह्यांना सोबत म्हणून घेऊन गेले. एका झाडाखाली ह्यांनी सहज आकडा सांगितला आणि भावोजींनी तो बोलून टाकला. पुढे लोणच्यासाठी त्या झाडाची कैरी उतरवली तेव्हा पाटीभराचाही फरक पडला नाही. मग काय, ह्यांच्याशिवाय अदमास होईना. पार जयगडपासूनचे बागवाले बोलवायला लागले. हे घरी येत ते चेहरा उजळून. वाढलेलं सगळं जेवत. कुठल्या कलमाचा मोहोर फसवा, कुठलं झाड पानाआड फळ लपवतं, ते सांगत बसत. पोरीला विसरलो हे पालुपद बंद झालं. संध्याकाळी आम्ही दोघं आमच्या दोन कलमांखाली उभे राहायचो आणि आकडे लावायचो. मी उगाच अवाच्या सवा सांगायची आणि ते हसायचे. लग्नानंतर मी इतकी कधी हसले नव्हते. मी दादाला लिहिलं, देवाची कृपा आहे, काही काळजी करू नकोस. भावोजी म्हणाले, बागवाल्याचं रक्त आहे, अखेर गुण वर आलाच.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आम्ही सगळे असे शहाणे, की उकळतं दूधच ताक समजून त्यांच्या हातात दिलं. त्या चेहऱ्यावरचं ते तेज मी आधी पाहिलं होतं. बांगड्यांची पुडी घेऊन दारात उभे होते तेव्हाचं. पण पत्ते कुठे होते? पत्ते नाहीत म्हणजे जुगार नाही, यापुढे आमची कुणाचीच बुद्धी गेली नाही.

चैत्रात आंबा उतरायला लागला तशी व्यापाऱ्याची माणसं बागेत मुक्कामाला आली. दुपारच्या विसाव्याला त्यांचा एक खेळ चाले. उद्या उतरवायचं झाड निवडायचं आणि प्रत्येकाने आकडा बोलायचा. ज्याचा आकडा जवळ येईल त्याने बाकीच्यांची चिमूट चिमूट तंबाखू घ्यायची. मग तंबाखूच्या जागी विड्या आल्या, विड्यांच्या जागी आणखी काय काय आलं.

एक दिवस भर उन्हात हे बागेतून धावत घरी आले. पायात वहाणा नाहीत, कातळ तापलेला. मी पन्हं करत होते. इतक्या उन्हातून येऊन हे चुलीशेजारी बसले आणि म्हणाले, "अगो, उद्यापासून मला बागेत पाठवू नकोस."

मी विचारलं, काय झालं, कुणी काही बोललं का.

"कुणी काही नाही. ते झाडांवर लावतात. मी अजून लावलेलं नाही. पण आकडा तोंडात येतो आणि मी तो गिळतो. आज गिळताना जीव गुदमरला. हे अगदी तसंच आहे, अगो. पत्ते नाहीत एवढंच."

त्या क्षणी मला दया आली नाही. राग आला. हंगाम संपायला जेमतेम महिना राहिला होता. काम सोडून घरी बसले असते तर भावोजी दादाला कळवणार आणि दादा म्हणणार, झालं, सोडलं काम. झाडाचा आकडा सांगायचा मोह होतो म्हणून माणूस काम सोडतो, हे कुणाला सांगायचं आणि कुणाला पटायचं? लोक हसले असते. मी पन्ह्याचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, "पोर हवी आहे ना? मग महिनाभर ओठ शिवून काढा."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. पन्हं प्यायले आणि तसेच अनवाणी परत गेले. बुडणाऱ्या माणसाने हात वर करावा आणि काठावरच्याने त्याला नीट पोहायला सांगावं, तसं मी केलं. पण तेव्हा मला पोर दिसत होती, दुसरं काही नाही.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी विचारायची, आज कसं? ते म्हणायचे, चाललंय. सोडणं भिजत पडून कुजली, सुंभ वळणं थांबलं. मी ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, दमत असतील. रात्री ते कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून झोपत. मीही मुद्दाम काही उकरलं नाही, कारण उकरलं आणि काही निघालं तर?

वैशाखात आमच्या दोन कलमांना पाड लागला. मी करंड्या आणून, पेंढा झाडून तयारी करून ठेवली. एका सकाळी अंगणात सडा घालत होते, तर व्यापाऱ्याचे दोन गडी घळ घेऊन आमच्या झाडाखाली. घळ म्हणजे आंबा उतरवायची लांब काठी, टोकाला जाळी असते. मी ओरडले, अरे, ही आमची झाडं, तुमची पलीकडे. त्यांतला म्हातारा खाली बघत म्हणाला, "वयनी, ह्यो आंबा आता शेठचा. तुमाला म्हायत नाय काय?"

मी वळून पाहिलं. हे ओटीवर उभे होते. त्यांनी तोंड लपवलं नाही. विचारायच्या आत सगळं सांगितलं. मी परत पाठवलं त्याच दुपारी ते पहिला आकडा बोलले होते. आधी जिंकत गेले. मग एका जुन्या कलमावर वटवाघळांनी रातोरात फळ पाडलं आणि अदमास चुकला. ते भरून काढायला दुसरं झाड, ते भरून काढायला तिसरं. देण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ही दोन लावली. मी अंगणाच्या कोपऱ्यातला खराटा उचलला आणि त्यांना मारलं. लिहिताना लाज वाटत नाही. ते हलले नाहीत, हात आडवाही घातला नाही. गडी झाडाखाली मान घालून उभे होते. माझा हात दमला तेव्हा मी थांबले.

दादा दोन दिवसांनी पोरीला घेऊन येणार होता. मी विचार केला. दादा पत्ते म्हणाला होता. ह्यांनी पत्त्यांना हात लावला नाही, हे तर खरं? काम सोडलं नाही, हेही खरं? आंब्याचं विचारलं तर माकडांनी नासला म्हणायचं. भावोजी आगबोटीने मुंबईला आंबा घेऊन गेलेले, मध्ये बोलणारं कुणी नाही. मी ह्यांना तुळशीपुढे उभं केलं आणि बजावलं, तोंड उघडायचं नाही. पोर एकदा घरात येऊ दे, मग तुम्ही आहात नि मी आहे. आयुष्यात एक गोष्ट माझ्यासाठी करा म्हटलं. ते बरं म्हणाले.

ती दोघं खाडीवरच्या होडीतून उतरून पाखाडी चढत येताना मला लांबूनच दिसली. पाखाडी म्हणजे आमच्याकडची जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची वाट. पुढे दादा, मागे ती, डोक्याला रुमाल बांधलेला. केवढी उंच झाली होती. मी अंगणाच्या तोंडाशी होते, हे ओटीच्या पायरीवर. मी हात पुढे केले. ती मला बघून थांबली, मग ह्यांच्याकडे पाहिलं, आणि दादाच्या धोतराचा सोगा धरून त्याच्या मागे उभी राहिली. लाजली, दादा म्हणाला. सात-आठ महिने म्हणजे पोरांना फार झाले, आत्ता रुळेल.

पाय धुणं झालं. मी फणसाची सांदणं केली होती, ती पोरीपुढे ठेवली. ती मान खाली घालून नीटनेटकी खात होती. आमच्याकडे सांडत खायची. दादा ओटीवर टेकला आणि ह्यांना म्हणाला, भावोजींकडून सगळं चांगलंच ऐकलं, तुम्ही शब्द पाळलात, आता मीही पाळतो, पोर तुमची. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तेवढ्यात हे उभे राहिले. मी मान हलवून नको, नको म्हणत होते. त्यांनी पाहिलं.

"तिला ठेवू नका," हे म्हणाले. "मी खेळलो. पत्त्यांवर नाही, झाडांवर. दारची दोन कलमं घालवली."

दादाने झाडांकडे पाहिलं. आणि मग, देवा, दादा हसला. म्हणाला, आंब्यावर पैजा कोण लावत नाही? आमच्या बाजारातही लावतात. अदमासाला कुणी जुगार म्हणतं का? झालं ते झालं, इथून पुढे जपा. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथूनच देवाला हात जोडले.

"ऐकून घ्या," हे म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आत्ता ती पाखाडी चढत होती, तेव्हा मी पायरीवर उभा होतो. आधी आईकडे धावेल की माझ्याकडे, यावर मी मनात लावलं. ती कुणाकडेच धावली नाही. तेव्हा मला पोरीचं वाईट वाटलं नाही. हरलो, याचं वाटलं."

पोर सांदण खायची थांबली आणि पुन्हा खायला लागली. दादाचं हसू कधीच गेलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. स्थळ बघताना नाही, पोर नेतानाही नाही. विचारलं ते नेमकं तेव्हा. ठेव, एवढंच म्हणायचं होतं. दादाने ठेवली असती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच हातात आलेला डाव स्वतःहून टाकून दिला होता, आणि तो माझा होता. मला त्यांचा जीव घ्यावासा वाटला. आणि हेही दिसत होतं, की ते खोटं बोलत नाहीत. उद्या पोर खेळायला गेली की किती वेळात परत येईल, आजारी पडली की ताप कधी उतरेल, यावर हा माणूस मनात लावणार, आणि त्याला ते थांबवता येणार नाही. ते स्वतःच मला सांगत होते. मागच्या खेपेला सांगितलं तेव्हा मी पन्हं पुढे सरकवलं होतं.

"ने तिला," मी म्हटलं.

दादा म्हणाला, आजची रात्र तरी. मी म्हटलं, नको. रात्रभर ती कुशीत झोपली असती तर सकाळी मी शब्द फिरवला असता, हे मला माहीत होतं. उरलेली सांदणं मी केळीच्या पानात बांधून दिली.

परत जायचं एवढंच पोरीला कळलं. ती रडली नाही. हात धुऊन आली, स्वतःचा रुमाल स्वतः बांधला. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला तो तिने फिरवू दिला. दादाच्या घरी चारही मुलं माझी आठवण काढतात ती ज्या नावाने, तेच तिच्या कानावर रोज पडत असणार. पाखाडीच्या पहिल्या पायरीवर ती थांबली, शहाण्या मुलीसारखी वळली, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली,

"येते हं, आत्या."

दादाने तिला सुधारलं नाही, तो पायऱ्यांकडे बघत होता. ओटीवर ह्यांनी ऐकलं. मी म्हटलं, ये हो बाळ, जपून उतर.